खांबाभोवती दहा मीटर

श्रीनिवास पाटणकरच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या आसपास राहणाऱ्या झाडून सगळ्या मराठी माणसांना ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांचे संसार त्याच्या त्या न भिजणाऱ्या तिळामुळेच मार्गी लागले होते. ताजी मेथी कुठल्या तुर्की दुकानात कुठल्या वारी येते, कुठला हाउसआर्ट्स, म्हणजे आपला घरचा डॉक्टर, पॅरासिटामॉलच्या पुढे जाऊन माणसाचं ऐकून घेतो, जुनी सायकल कुणाकडून घ्यावी आणि कुणाकडून मेलं तरी घेऊ नये, हे सगळं श्रीनिवासला विचारायचं. विचारलं नाही तरी तो सांगायचाच. नवीन माणूस शेजारच्या बेस्ट गावच्या स्टेशनवर उतरला की त्याच्या बॅगा घरी पोचायच्या आत श्रीनिवासची माहिती पोचलेली असायची.

हे त्याला आईकडून आलं होतं. इस्लामपूरच्या घरात पहिला आंबा पिकला की फोडी आधी आळीत जायच्या आणि बाठ पोरांच्या वाट्याला यायची. "एक तीळ सात जणांनी वाटून खावा," असं त्याची आई म्हणायची, आणि म्हणून थांबायची नाही, खरोखर वाटायची. चांगली गोष्ट एकट्याने खाल्ली तर ती अंगी लागत नाही, असं श्रीनिवासला आजही मनापासून वाटे. यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

नोकरी मात्र नेमकी उलट्या धाटणीची. चिप बनवणाऱ्या यंत्रांचा तिकडे मोठा धंदा आहे, आणि ती यंत्रं जिथे जुळवतात त्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडाला मास्क, हातांत मोजे. सगळं जग मास्क लावायला शिकलं तेव्हा श्रीनिवासची त्यात वीस वर्षं झाली होती. एवढं करूनही कुठेतरी एखादा कण सापडायचाच. तो सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा आणि तो आला कुठून हे सांगायचं, हे श्रीनिवासचं काम. हा हातमोज्याचा, हा खोक्याच्या पुठ्ठ्याचा, हा अमक्या स्क्रूच्या मुलाम्याचा, आणि हा कुणीतरी घाईघाईत दाढी करून आलंय त्याचा. शेवटचं ऐकून सगळी खोली हसायची आणि एक माणूस लाल व्हायचा.

मुलगी स्वानंदी लहान होती तेव्हा हीच विद्या घरात खेळ म्हणून चाले. ती बाहेरून आली की बूट पुढे करायची. "बाबा, ओळख!" मग श्रीनिवास तळव्याला चिकटलेली माती बोटावर घ्यायचा, डोळ्यांजवळ न्यायचा, उगाच हुंगायचा. "हं... शाळेमागची बाग. घसरगुंडीच्या डाव्या बाजूला." पोरगी आनंदाने किंचाळायची. आपला बाप जादूगार आहे असं तिला वाटे, आणि त्यालाही थोडंफार तसंच वाटत असे.

मग ती चौदा वर्षांची झाली. दिवाळीच्या फराळाला घर माणसांनी भरलेलं, आणि ही लायब्ररीतून आले म्हणून आत शिरली. श्रीनिवासने सवयीने बुटांकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "लायब्ररी? अगं ही तर कालव्यापलीकडच्या स्केट पार्कची वाळू!" पाहुणे खो-खो हसले. चकली हातात धरून कुणीतरी विचारलं, "आणि सोबत कोण होतं, तेही सांग की!" तेही त्याने सांगितलं असतं, पण स्नेहलने, त्याच्या बायकोने, त्याच्या पायावर पाय दिला. स्वानंदी हसली नाही. त्या दिवसापासून ती बूट दाराबाहेर उलटे करून, झटकून, पुसून मगच घरात यायची.

हे सगळं महामारीच्या आधीचं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, सगळी पोरं आपापल्या खोल्यांत लॅपटॉपपुढे बसली, आणि स्वानंदीची खोली हळूहळू बंदच झाली. आधी जेवायला खाली येणं थांबलं. मग पडदे उघडणं थांबलं. मग बोलणं. स्नेहल फार्मसीत काम करायची, तिला घरी बसायची सोय नव्हती. श्रीनिवासच्याही कामात घरून करण्यासारखं काही नव्हतं. दोघं पाळीपाळीने दारावर टकटक करायची. आतून "ja", म्हणजे "हो", एवढंच यायचं, कधी तेही नाही. डॉक्टरने फोनवर ऐकून घेतलं, मानसतज्ज्ञाकडची रांग फार लांब आहे म्हणून सांगितलं आणि तोवर तिला बाहेर न्या म्हणाला. बाहेर म्हणजे कुठे? सगळंच तर बंद होतं. साऱ्या गावाला पत्ते देणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या पोरीला न्यायला एक पत्ता नव्हता.

तो मिळाला कॉफीच्या यंत्रापाशी. निवृत्तीला आलेल्या एका डच सहकाऱ्याने, दोन हात लांब उभं राहून, त्याला खांबांबद्दल सांगितलं. या चिमुकल्या देशात वाटेल तिथे तंबू ठोकायला सक्त मनाई. इंच न् इंच जमीन कुणाच्या तरी हिशोबातली. पण सरकारी जंगलात अगदी आडबाजूला काही ठिकाणी एक लाकडी खांब रोवलेला असतो. त्या खांबाभोवती दहा मीटरच्या आत तंबू टाकायचा. तीन तंबूंच्या वर नाही, तीन रात्रींच्या वर नाही, जाळ करायचा नाही. पैसे नाहीत, आरक्षण नाही, संडास नाही, दिवा नाही, कुणी विचारणारही नाही. फार तर एक हातपंप. वनखात्याच्या वेबसाइटवर कुठेतरी कोपऱ्यात हे लिहिलेलं होतं, पण त्या कोपऱ्यात जातो कोण!

"घर असताना मातीत झोपायचं?" स्नेहल म्हणाली. "ते का? पुण्यात आम्ही गच्चीवर झोपायचो तेसुद्धा गादी टाकून." पण जूनमधल्या एका शनिवारी तिने दोघांचा डबा भरून दिला. स्वानंदी का तयार झाली हे आजही कुणाला माहीत नाही. बहुधा नाही म्हणायलाही जोर लागतो आणि तेवढा तिच्यात उरला नव्हता.

बेस्टहून दक्षिणेला, बेल्जियमच्या हद्दीकडे, सायकलने अर्धा दिवस. पाइनचं जंगल संपतं आणि अचानक वाळूच सुरू होते. हॉलंडमध्ये, जिथे खणावं तिथे पाणी लागतं तिथे, असं वाळवंट! पांढरी, पिठासारखी वाळू, मध्येमध्ये काटक गवत, एखादं वेडंवाकडं झाड. सायकली हाताने ढकलाव्या लागल्या. झाडांच्या कडेला तो खांब उभा होता, कमरेएवढा, डोक्यावर एक आकडा कोरलेला. शेजारी हिरवा लोखंडी पंप.

"हापसा!" श्रीनिवास ओरडला. इस्लामपुरानंतर त्याला पहिल्यांदाच हापसा दिसत होता. त्याने दांडा जोरजोरात खालीवर केला, नुसती खरखर. मग आठवलं, याला आधी पाणी पाजावं लागतं. बाटलीतलं पाणी त्याने वरून ओतलं, पुन्हा हापसलं, आणि पंपाने घसा खाकरून भसकन पाणी टाकलं, ते सरळ श्रीनिवासच्या बुटांवर. स्वानंदी हसली. किती महिन्यांनी, कुणास ठाऊक. श्रीनिवासने मुद्दाम दुसरा बूटही पुढे केला.

पहिल्या खेपेला ती बोलली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तंबू ठोकायची, वाळूत पालथी पडून मुंग्या बघायची, हापशाचं पाणी उकळून त्याचा चहा प्यायची आणि झोपायची. मात्र रविवारी निघताना पुढच्या शनिवारचं हवामान बघायची. तिसऱ्या खेपेला, पहाटे, पाइनवरून दव टपटपत असताना ती एकदम बोलायला लागली. अर्धं डचमध्ये, अर्धं इंग्रजीत, मध्येच एखादा मराठी शब्द. शाळा बंद झाली तेव्हा मला बरं वाटलं, म्हणाली. मैत्रिणींनी नवा गट केला, त्यात मी नाही. डबा मी संडासात बसून खायचे. सगळं वर्ष. आता शाळा पुन्हा सुरू होईल तर मी काय करू?

श्रीनिवास गॅसच्या चुलीवर वाकून बसला होता. ज्या डब्यात स्नेहल रोज थालीपीठ नाहीतर पोळीभाजी भरून देत होती, तो डबा पोरगी संडासात बसून खात होती. त्याने तोंड वर केलंच नाही, कारण वर केलं असतं तर पोरीला दिसलं असतं की बाप रडतोय. त्याने तिला चहा दिला, आणि कधी नव्हे ते काहीच माहिती दिली नाही. कुठल्या शाळा चांगल्या, कुणाच्या मुलीचं असंच झालं होतं, काही नाही. ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला.

"आईला मी सांगेन," शेवटी ती म्हणाली. "तू नको सांगूस. आणि ही जागापण कुणाला सांगायची नाही. कुणालाच नाही, बाबा. इथे मला कुणी ओळखत नाही. शपथ घे."

"शपथ," श्रीनिवास म्हणाला, आणि गळ्याला चिमटा घेतला. त्या क्षणी ती शपथ अगदी खरी होती, यात शंका नको.

तिच्या मनातली गोष्ट त्याने खरोखर पोटात ठेवली. स्नेहलने खोदून खोदून विचारलं, तरी ठेवली. त्याला स्वतःचाच अभिमान वाटत होता. जुलैभर दर शनिवारी दोघं खांबाला जात होती, पोरगी खाली जेवायला यायला लागली होती, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत श्रीनिवास "कुठे जाता हो?" या प्रश्नाला "असंच, सायकलवर" एवढंच उत्तर देत होता. त्याची जीभ किती वळवळत असेल, याची कल्पना करा.

मग अपूर्वचा फोन आला. अपूर्व म्हणजे फेब्रुवारीत पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर. आला, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि तीन आठवड्यांत देश बंद झाला. बायको मृणालिनी, एक रांगतं बाळ, ओळखीचं कुणी नाही. पोराला इथली जमीन पायाखाली कशी असते हेच माहीत नव्हतं. "दादा, वेड लागायची पाळी आलीय," अपूर्व म्हणाला आणि फोनवरच हुंदका दिला. "मृणालिनी खिडकीपाशी बसून असते नुसती. बागेत गेलं तर गर्दी, लोकांची भीती. एखादी जागा सांगा ना, जिथे कुणी नसतं."

आता सांगा, आंब्याच्या फोडी वाटणाऱ्या बाईचा मुलगा काय करणार? खिडकीपाशी बसलेली ती मुलगी त्याला दिसली, आणि तिच्याशेजारी पडदे लावून बसलेली आपलीही. एवढा गुण आलेलं औषध, आणि तडफडणाऱ्याला द्यायचं नाही? त्याने जागेची खूण फोनवरून पाठवली. "पण कुणाला सांगू नकोस हं," असं बजावलं. ज्याच्या स्वतःच्या तोंडात तीळ भिजत नाही, तो दुसऱ्याला तीळ भिजवायला सांगत होता!

अपूर्व-मृणालिनी बाळाला घेऊन मधल्या वारी जाऊन आले. बाळाने वाळू खाल्ली म्हणे, आणि मृणालिनी खूप दिवसांनी गाणं गुणगुणली. अपूर्वने कृतज्ञतेपोटी फक्त एकालाच सांगितलं. तो एक म्हणजे विश्वास, इथल्या मराठी मंडळाचा उत्साही कार्यकर्ता. त्या वर्षी गणपती झूमवर झाला होता, आरतीला प्रत्येकाचा टाळ वेगळ्या वेळी वाजत होता, आणि माणसं माणसांसाठी आसुसली होती. विश्वासने मंडळाच्या ग्रुपवर मोठ्या मनाने टाकलं: आपल्या श्रीनिवासदादांनी शोधलेलं ब्राबांत प्रांतातलं वाळवंट, प्रवेश मोफत, अंतर पाळून भेटू या! खाली नकाशा. श्रीनिवास तेव्हा कंपनीत पांढऱ्या पोशाखात होता, फोन बाहेर कपाटात. संध्याकाळी ग्रुपवर शंभराच्या वर निरोप साचलेले. त्याने ते नेहमीप्रमाणे न वाचता पुसून टाकले.

त्या शनिवारी बापलेक दुपारी पोचली. पाइन संपायच्या आधीच कुकरची शिट्टी ऐकू आली. श्रीनिवासला वाटलं, भास. मग दुसरी शिट्टी झाली.

खांब दिसतच नव्हता. त्याच्याभोवती तंबूच तंबू, काही तर दुकानातून तसेच आणलेले, चिठ्ठ्या लोंबणारे. घडीच्या खुर्च्या, बॅडमिंटन, चटईवर रमी, हापशाच्या दांड्याला वाळत घातलेले पंचे. सगळे आपापसात बेताचं अंतर ठेवून बसलेले, अगदी शिस्तीत. एका टोकाला कुणीतरी कोळशाची शेगडी पेटवून कणसं भाजत होतं, सुकलेल्या गवतापासून चार हातांवर. आणि श्रीनिवासची सायकल दिसताच एकच जल्लोष झाला. "आले, आले! या, दादा! काय जागा शोधलीत हो!" विश्वासने टाळ्या वाजवायला लावल्या. कुणीतरी कणीस पुढे केलं, मीठ-तिखट-लिंबू लावून.

आणि इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. श्रीनिवासला क्षणभर बरं वाटलं. एवढ्या महिन्यांनी हसणारे चेहरे, खरेखुरे, चौकटीत न बसवलेले, आणि ते आपल्यामुळे! त्याचा हात कणसाकडे गेलासुद्धा. मग त्याने मागे वळून पाहिलं.

स्वानंदी त्याच्याकडेच बघत होती. त्या घोळक्यात तिच्याच शाळेतल्या एका मुलीचे आईबाप होते, आणि ती मुलगीही, हातात फोन घेऊन. स्वानंदीने सायकल वळवली, वाळूतून ढकलत पाइनपर्यंत नेली आणि निघून गेली. श्रीनिवास मागे धावला, वाळूत चाक रुतलं, पडला. तो उठेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. अर्ध्या दिवसाचा रस्ता ती एकटी गेली आणि तो तिच्या मागे, थोड्या अंतरावर, न गाठता.

संध्याकाळी तिकडे वनरक्षक आला. न चिडता त्याने शेगडी विझवली, सगळ्यांना सामान आवरायला लावलं. मंडळींनी कागदाचा कपटाही मागे ठेवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण त्या उन्हाळ्यात घराबाहेर पडायला आसुसलेले ते एकटेच नव्हते. अख्खा देशच जंगलात लोटला होता आणि खांबाखांबापाशी हीच कथा होती. ऑक्टोबरमध्ये श्रीनिवास एकटाच जाऊन बघून आला. खांब उपटलेला होता. जागेवर ताजा खड्डा, आणि हापशाचा दांडा काढून नेलेला.

माफी मात्र त्याने त्या शनिवारी रात्रीच पोरीच्या दाराबाहेर उभं राहून मागितली होती. "अपूर्वची बायको फार..." तो सांगायला लागला.

"मला माहितीये, बाबा," आतून आवाज आला. ती रागावलेली नव्हती, हे जास्त वाईट होतं. "तू चांगलाच आहेस. फक्त तुझ्यात काही राहत नाही."

श्रीनिवास जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. कुणी शिवी दिली असती तर परवडली असती.

दुसऱ्या दिवशी त्याने मंडळाचा ग्रुप सोडला. सोडण्यापूर्वी लांबलचक निरोप लिहिला, मी का सोडतोय याचा. "वा!" स्नेहल म्हणाली. "गप्प बसणार हे दवंडी पिटून सांगितलंस." त्यावर तो ओशाळं हसला, पण त्यानंतर खरोखरच कमी बोलू लागला. मेथीचं विचारायला फोन आले की सांगायचा, पण विचारल्याशिवाय नाही. लोकांना वाटलं दादा आजारी आहेत.

हिवाळा वाईट गेला. शाळा पुन्हा बंद झाल्या, वर संचारबंदी. पण स्वानंदीने एका दुपारी आपण होऊन आईला डब्याची गोष्ट सांगितली. त्या दोघी स्वयंपाकघरात होत्या आणि श्रीनिवास बैठकीच्या खोलीत पेपर उलटा धरून बसला होता. त्याला आधीपासून माहीत होतं आणि त्याने सांगितलं नव्हतं, हे स्नेहलला तेव्हा कळलं. ती बाहेर आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली. स्वानंदीने पुढे शाळा बदलली. मानसतज्ज्ञाचीही पाळी आली. पण बापाशी बोलणं म्हणजे "हो", "नाही" आणि "मीठ दे".

वसंतात एके दिवशी ती म्हणाली, "आई, तंबू काढू या का माळ्यावरचा? मला एक जागा सापडलीय."

"आपण?" स्नेहल म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खिडकीबाहेर बघितलं. "बरं," ती म्हणाली. "पण मी गादी घेणार."

तंबू श्रीनिवासनेच काढला. खुंट्या मोजून पिशवीत घातल्या, गॅस तपासला, सायकलींत हवा भरली, पोळ्या लाटल्या, दाण्याची चटणी केली. दोघी कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवत राहिला आणि मग घरात येऊन नुसता बसला. त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आपल्या पोरीने आपल्या बायकोला न्यावं याचा मत्सर वाटला, आणि मत्सर वाटल्याची लाज वाटली. रविवारी त्या परत आल्या तेव्हा स्नेहलच्या नाकावर ऊन लागलेलं आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या.

"कसं होतं?" त्याने विचारलं. "कुठे..." आणि तिथेच थांबला.

"छान होतं," स्नेहल म्हणाली. पुढे एक अक्षर नाही. तंबू लख्ख झटकून, पुसून आणलेला होता. खुंट्यासुद्धा धुतलेल्या. स्वानंदीच्या बुटांच्या रेघांमध्ये काही म्हणता काही नव्हतं. दर खेपेला असंच. श्रीनिवास डबा भरून द्यायचा, त्या जायच्या, यायच्या, आणि तो तंबू जसाच्या तसा माळ्यावर ठेवायचा.

सप्टेंबरात एकदा त्या रविवारी दुपारी परतल्या, आणि स्वानंदीने तंबूची पिशवी मागच्या अंगणात टाकली. "पाऊस होता. ओला आहे," एवढं बोलून आत गेली. श्रीनिवास वाळत घालायला म्हणून बाहेर आला. गाठ सोडली, तंबू उलगडला, खालची चादर पसरली.

चादरीवर माती होती. काळी, भुसभुशीत, तिच्यात एक विशिष्ट गवताचं बी आणि दोन जांभळी फुलं. तंबू झटकलेला नव्हता. त्याने नजर वळवली, पण वीस वर्षं कण ओळखणाऱ्या डोळ्यांना सांगून काय उपयोग? एका नजरेत त्याला सगळं कळलं. अशी माती अख्ख्या ब्राबांतात एकाच बाजूला आहे. गाव कळलं, रानाची कड कळली, पाणवठा कुठल्या अंगाला असेल तेही कळलं. कुठली बाजू ते इथे सांगण्याची गरज नाही.

त्याने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात स्वानंदी उभी होती, हाताची घडी घालून. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक.

"ओळख," ती म्हणाली.

कितीतरी वर्षांनी आलेला तो शब्द. श्रीनिवासच्या जिभेच्या टोकावर त्या जागेचं नाव येऊन बसलं. सांगितलं तर कदाचित ती सहा वर्षांची असताना किंचाळायची तशी किंचाळेल. कदाचित उद्यापासून तंबू बाहेरच धुऊन आणेल, कायमचा. ती कुठल्या उत्तराची वाट बघते आहे हे त्याला त्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. मातीचं सगळं कळणाऱ्या माणसाला पोरीचं काही कळेना.

"माती आहे," तो म्हणाला. "कुठलीही असेल."

आणि त्याने बागेची नळी उचलली, तोटी सोडली आणि चादर धुवायला घेतली. काळं पाणी फरशीवरून वाहत कुंपणाच्या मुळाशी गेलं. बी गेलं, फुलं गेली. चादर स्वच्छ झाली तरी तो धूतच होता, कारण वर बघायचा धीर होत नव्हता.

स्वानंदी दारातून हलली नव्हती. बापाला सगळं कळलंय हे तिला कळलं होतं. त्याचीच तर मुलगी ती. ती अंगणात आली, चादरीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून ती पिळली.

"शनिवारी आईला फार्मसीत काम आहे," दोरीवर चादर टाकताना ती म्हणाली.

आधीचा श्रीनिवास असता तर किती वाजता निघायचं, कुठल्या रस्त्याने, वारा कुठून आहे, पुलाचं काम चालू आहे ते माहीत आहे ना, सगळं विचारून मोकळा झाला असता.

"बरं," तो म्हणाला, आणि तिच्या हातात चिमटे दिले.